धुरा (वावराचा बांध) पेटवला अन् कडुनिंबाचं झाड होरपळलं, आता काय करू?

वावरातला_पोट्टा

राम राम मंडळी. दारव्ह्याकडचा आहो, साडेचार एकर वावर, कपाशी अन् तूर, विहिरीले जानेवारीपर्यंत पाणी रायते मंग खडखडाट. प्रश्न विचारायच्या आधीच सांगून टाकतो की चूक माहीच आहे, शिव्या द्यायच्या असन तं द्या पण उत्तर बी द्या.

मागच्या मंगळवारी पऱ्हाटी (कापूस वेचून उरलेल्या काड्या) पेटवली. चिमट्यानं उपटून पंधरा दिवस झाले होते, धुऱ्याले ढीग लावून ठेवले होते, दरवर्षी तसंच करतो, सगळा गाव तसंच करते. दिवस बुडाल्यावर हवा पडली म्हणून काडी लावली अन् दहा मिनिटात हवा फिरली. धुऱ्यावरच्या कुसळी गवतानं असा पेट घेतला की मी बादली घेऊन विहिरीवरून येईपर्यंत इस्तो निंबापाशी पोचला होता. हे निंबाचं झाड आमच्या बुढ्यानं लावलं, माह्या जन्माच्या साली, म्हणजे एकतीस वर्षाचं झालं. डबा त्याच्याच खाली खातो, बैल होते तवा बैल त्याच्याच खाली बांधत होतो. बुंध्याची पश्चिमेकडची साल काळीठिक्कर झाली, खालच्या फांद्यायचा पाला करपून तपकिरी. शेजारच्याचं हिवराचं झाड बी अर्धं गेलं, अन् ठिबकच्या नळ्यायचं एक बंडल तिथंच गुंडाळून ठेवलं होतं त्याचा डांबरासारखा गोळा झाला.

पण खरं सांगू का, नळ्यायचं दुःख नाई एवढं. सकाळी पाहाले गेलो, राख खालून अजून गरम होती, अन् बोरीच्या झुडपाच्या बुडाशी तितराची सात अंडी दिसली. पाच काळी पडलेली, दोन तडकलेली, आतला बलक शिजून घट्ट झालेला, आपण घरी उकडतो अगदी तसाच. घरी येऊन मायले सांगितलं तं ते म्हणे आता आठ-पंधरा दिवस घरात अंडं आणू नको बापा.

तं विचारायचं असं की निंब वाचन काय, अन् वाचवायसाठी काही लावा-बिवा लागते काय. दुसरं म्हणजे पऱ्हाटी जाळायची नाई तं मंग करायचं काय तिचं? फुकट ने म्हटलं तरी कोणी नेत नाई. यूट्यूबवर सगळे सांगतात जाळू नका जाळू नका, पुढं काय करा ते कोणी धड सांगत नाई.

---

संत्रा_बागाईत_वरुड

पयले झाडाचं सांगतो. घाबरू नको अन् कुऱ्हाड लावू नको. विळ्याच्या टोकानं जळालेल्या सालीवर नखाएवढं खरवडून पाय, खाली हिरवं-ओलसर निंगालं तं तो भाग जिता आहे, तपकिरी अन् कोरडं निंगालं तं मेला. असं बुंध्याच्या चारी बाजूनं दोन-दोन जागी कर. अर्ध्याहून जास्त घेर हिरवा असला तं निंब मरत नाई, लय चिवट जात आहे, वरून गेला तरी बुडातून फुटते. पाला करपला त्याची चिंता करू नको, पाला नवा येते.

आम्ही संत्र्याच्या बुंध्याले बोर्डो पेस्ट लावतो तीच लाव. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही येगयेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्या नाईतं मातीच्या भांड्यात, लोखंडाच्या घमेल्यात नाई. मंग दोन्ही एकत्र करून त्यात विळा बुडवून पाहाचा, विळ्यावर तांबूस रंग चढला तं चुना कमी पडला समज, अजून टाक. एका झाडाले एवढं लागत नाई, पाव किलोचं माप धर. मेलेली साल हलक्या हातानं काढून मंग लाव नाईतं आतून वाळवी धरते. अन् मेच्या उन्हात आठवड्यातून एकदा दोन-चार गुंड पाणी बुडाशी टाकत जा. पाऊस लागेपर्यंत कोणती फांदी मेली न् कोणती जिती हे ठरवूच नको, जुलैत पाहाचं.

---

डवरा_आणि_देव

सगळे आता शेतकऱ्यालेच शिकवा. चंद्रपूरले २९२० मेगावॅटचं वीज केंद्र रात्रंदिवस कोळसा जाळते, वणीकडं खाणीच्या रस्त्यानं जाऊन पहा कपाशीचा पांढरा बोंड काळा होऊन जाते धुळीनं, त्याले कोणी विचारत नाई. माह्या धुऱ्याच्या धुरानं पर्यावरण बिघडलं म्हणे.

पोट्ट्या तुयं वाईट वाटते पण धुरा ठेवला तं त्यात रानडुक्कर बसते. माह्या तीन एकर भुईमुगाचा एका रातीत सत्यानाश केला. गवत ठेवलं तं साप. तुमच्यातल्या कोण्या साहेबानं रातच्या अकरा वाजता मोटार चालू कराले धुऱ्यावरून अनवाणी जाऊन दाखवावं. अन् बोंडअळी? कृषीवाले स्वतः सांगत होते पऱ्हाटी ठेवू नका, नष्ट करा. २०१७ साली काय झालं विसरले काय, अर्धी बोंडं किडकी, वेचाले बाया यायले तयार नव्हत्या. नष्ट करा म्हणजे काय, तिची आरती करू काय? मजूर साडेतीनशे-चारशेच्या खाली येत नाई, उपटायचे पैसे येगळे, वाहून न्यायचे येगळे. दोन रुपयाची काडीपेटी परवडते बाप्पा, म्हणून लोक लावतात. हौस नाई कोणाले.

---

कर्ब_०३८

डवरा भाऊंचा राग बरोबर आहे आणि बोंडअळीचा मुद्दा तर अर्धा बरोबर आहे, म्हणून त्याच्यावरच लिहितो. (मी अकोल्याला पंदेकृविला, म्हणजे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलो, आता गावातच शेती करतो, नाव माझ्या माती परीक्षणावरून घेतलंय, सेंद्रिय कर्ब ०.३८ आला होता. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे जमीन उपाशी.)

गुलाबी अळी पऱ्हाटीच्या काडीत नाही राहत, ती राहते न फुटलेल्या बोंडात, कवडीत (कापूस चिकटून वाळलेल्या बोंडात), सरकीत. दोन सरक्या एकमेकीला चिकटवून आत झोपून जाते ती, अन् पुढच्या कपाशीला पात्या-फुलं लागायच्या टायमाला बाहेर येते. म्हणून सांगतात की डिसेंबर अखेर कपाशी संपवा, फरदड (त्याच कपाशीचं उशिराचं पीक) घेऊ नका, पऱ्हाटीच्या गंज्या जून-जुलैपर्यंत धुऱ्यावर ठेवू नका. आता बघा आपण काय करतो, मार्चपर्यंत फरदड वेचतो, मग महिनाभर ढीग वाळवतो, अन् एप्रिलच्या शेवटी पेटवतो. तोवर कितीतरी कवड्या उपटताना अन् ओढताना वावरातच गळून पडलेल्या असतात, त्या काय ढिगासोबत जळत नाहीत. म्हणजे धूर झाला, धुरा गेला, अळी राहिली.

त्यापेक्षा शेवटची वेचणी झाली की वावर मेंढरांना मोकळं करा. धनगर नाहीतर काठेवाडी येतातच आपल्याकडं, एक रात्र बसवा, पाला खातात, हिरव्या बोंडासकट अळी खातात अन् वरून लेंडी देऊन जातात. बोंडअळीच्या सल्ल्यात हे लिहिलेलंच असतं, आपण फक्त काडी लावायचं लक्षात ठेवलं.

मग उरते काडी. ट्रॅक्टरवर चालणारा श्रेडर येतो, उभ्या पऱ्हाटीवरून फिरवला की चुरा होऊन वावरातच पडतो. दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात फायदा नाही झाला. एक, जानेवारीतच फिरवायचा, जमिनीत अन् काडीत ओल असताना. एप्रिलमध्ये काडी खडंग होते, मशीनचे दात जातात अन् चुरा कुजतही नाही. दुसरं, पऱ्हाटी ही लाकडासारखी, तिच्यात नत्र कमी. नुसती गाडली तर कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र खेचतात अन् जुलैत तुमची कपाशी पिवळी पडते. म्हणून चुऱ्यावर शेणखत किंवा थोडा युरिया टाकून वखरायचं. मी पहिल्या वर्षी नाही टाकला, एक एकर पिवळा झाला, बुढा आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

जाळल्यानं जातं काय तर नत्र जवळपास सगळं हवेत जातं, गंधकही बरंचसं. राखेत पोटॅश राहते हे खरं, पण राख असते खारी आणि आपली काळी माती आधीच विम्लधर्मी (अल्कली), तिला राखेची गरज नाही. शिवाय ढीग जिथं जळतो तिथली माती विटेसारखी भाजते, त्या जागेवर दोन वर्षं तूरही नीट येत नाही, बघा कधी आपल्या वावरात, गोल चट्टे दिसतील.

कोळशाचं म्हणाल तर तो प्रश्न आहेच, त्याच्यासाठी भांडायला मी पण येतो. पण ते तितर काही वीज केंद्रानं नाही उकडलं ना भाऊ.

---

डवरा_आणि_देव

श्रेडर कोणाच्या बापाचा आहे? लाखाच्या वर किंमत.

---

कर्ब_०३८

एकट्यानं घ्यायचा नाहीच. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणात अर्ज करता येतो, ४०-५० टक्के अनुदान असतं, नंबर लागला तर. नाहीतर भाड्यानं. अडचण भाड्याची नाहीच, मशीनवाला चार एकरासाठी पंधरा किलोमीटर येत नाही ही आहे. आम्ही लगालग वावरं असलेले सहा जण मिळून बोलावतो, एका दिवसात सगळं उरकते.

---

निवृत्त_गुर्जी_आर्वी

सगळं वाचलं. मला एक सांगावंसं वाटतं की ही पऱ्हाटी जाळायची पद्धत काही वाडवडिलांची नाही, लोक समजतात की पहिल्यापासून असंच आहे. आमच्या लहानपणी पऱ्हाटी ही वस्तू होती हो, कचरा नव्हती. वर्षभराचा चुलीचा जाळ तिच्यावर, गोठ्याचा कूड तिचा, त्याच्यावर शेणामातीचा गिलावा, सांदवाडीचं कुंपण तिचं, आणि एखाद्याच्या गंजीतून चार मोळ्या कमी झाल्या तर पाटलापर्यंत भांडण जायचं. माझ्या आईनं तर पऱ्हाटीच्या काड्या मोजून चुलीत घातल्या आहेत, पावसाळ्यासाठी राखून. मग घरोघरी गॅस आला, बायांच्या डोळ्यातला धूर गेला हे फार चांगलं झालं, त्याला कोणी नाव ठेवू नये, पण पऱ्हाटीचं गिऱ्हाईकच संपलं. बैल विकले, ट्रॅक्टर आला, म्हणून धुऱ्यावरचं गवत कापून आणायचं कारण राहिलं नाही. पूर्वी श्रावणात धुऱ्यावरच्या गवतावरून भावाभावात वाद व्हायचा, अर्धा धुरा तुझा अर्धा माझा. आता तेच गवत दोघांनाही नको असतं, म्हणून एक जण तणनाशक मारतो आणि दुसरा काडी लावतो.

तणनाशकाचं तर वेगळंच. चोर बीटी (तणनाशक सहन करणारं विनापरवाना कपाशीचं बियाणं) आली तेव्हापासून वावरात फवारतात तसंच धुऱ्यावर पण फवारतात, मुळासकट गवत मरतं, आणि पहिल्या जोराच्या पावसात धुरा फुटून माती नाल्यात. माझ्या पुतण्याचा धुरा तीन फूट रुंद होता तो आता फूटभर राहिला, त्यावरून त्याची मोजणी लागली आहे, मोजणीचे पैसे भरले पण माती कुठून आणणार.

बरं, पऱ्हाटीला गिऱ्हाईक पुन्हा येऊ शकतं. मुंबईच्या सिरकॉटनं (केंद्र सरकारची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था) पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि जळणाच्या ब्रिकेट करायचं काम फार वर्षांपूर्वी केलेलं आहे, नागपूरलाही त्यांचं केंद्र आहे. ब्रिकेटवाले काही भागात पऱ्हाटी उचलतातही. पण ते गावापर्यंत येतात का, आणि वाहतुकीत सगळा पैसा जातो का, हे आपापल्या तालुक्यात विचारून पाहावं लागेल. एकरी साधारण टनभर काडी निघते, वजनाला हलकी आणि जागा खाणारी, ट्रॉली भरली की वाटतं खूप झालं आणि काट्यावर काहीच येत नाही.

---

धानवाला_साकोली

आमच्याकडं पऱ्हाटी नाही पण किस्सा तोच. पहिले विळ्यानं धान कापायचे, तणस घरी यायचा, पुंजणं रचायचे, बैल वर्षभर खायचे. आता हार्वेस्टर येते, एक-दीड फूट बुडखा बांदीत ठेवून जाते अन् वरचा तणस फेकून देते, तो गोळा कोण करणार, लावा काडी. उन्हाळी धानाची घाई असली तर बघायलाच नको, एकाच आठवड्यात सगळा शिवार काळा.

एक टन तणस म्हटला की साडेपाच किलो नत्र, सव्वादोन-अडीच किलो स्फुरद अन् पंचवीस किलो पालाश त्याच्यात असते असा हिशेब कृषीवाल्यानं सांगितला होता. नत्र तर पूर्ण गेलं समजा. मी हा हिशेब पानठेल्यावर सांगितला तर एक जण म्हणे मग युरियाची अर्धी बोरी नाही का स्वस्त. आता काय बोलता.

मला जास्त वाईट लाखोळीचं वाटते. उभ्या धानात ओलीवर लाखोळी (लाखेची डाळ), जवस, पोपट (वाल) फेकून द्यायचो, नांगरट नाही, पाणी नाही, धान कापला की ते वर यायचं. पारीवर तुरी. आता हार्वेस्टरच्या चाकाखाली अन् नंतरच्या आगीत ते सगळंच बसलं. पोपटाच्या शेंगा आता साकोलीच्या बाजारातून विकत आणतो मी, बापाच्या काळात पाहुण्यांना पोतं भरून देत होतो. त्यामुळं मागच्या वर्षीपासून दोन बांद्या माणसं लावून कापतो. महाग पडते. घरची म्हणते तुझी लाखोळी सोन्याच्या भावात पडली.

---

टोपली_कुरखेडा

वावरातला भाऊ, तुमची अंड्यांची गोष्ट वाचली म्हणून लिहून राहिली. आमच्याकडं गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये जंगलाला आग लागते, पेपरात येते वणवा लागला, जसा काय आपोआप लागला. आपोआप क्वचितच लागते. मोहाच्या झाडाखाली पाला साचलेला असते, पहाटे फुलं पडतात ती पाल्यात दिसत नाहीत, म्हणून बुडाशी जाळून जागा साफ करतात. अन् तेंदूच्या झुडपाला कवळा पाला यावा म्हणून पण लावतात. राखीव जंगलात आग लावणं वन कायद्याच्या २६ कलमात गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण रात्री कोणी लावली हे कोण सांगणार.

मी पण लावायची. खोटं कशाला बोलू. माझी सासू लावायची, मी लावायची. मग एका वर्षी आमच्या मोहाखाली माझ्या पोरानं विचारलं, आई एवढी फुलं पडतात, टोळी (मोहाचं फळ) पण पडते, मग लहान मोह एक पण कसा नाही? बघितलं तर खरंच, सगळे म्हातारेच मोह, आज्याच्या वेळचे. रोपटं उगवते पावसाळ्यात, उन्हाळ्यात आम्हीच जाळतो. हे झाड पडलं की पोराला मोह नाही.

आता फुलं सुरू व्हायच्या आधी खराट्यानं पाला झाडून गोल जागा करते, अन् जुन्या साड्या जोडून खाली अंथरते. नेट पण मिळते पण साडीच बरी, घरचीच. एक झाड झाडायला अर्धा दिवस जाते. पण फुलाला राख-माती लागत नाही, व्यापारी भाव पाडू शकत नाही, हे कोणी सांगत नाही. पाला झाडलेला लांब नेऊन खड्ड्यात टाकते.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव आहे, त्यांना २०१२ ला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यांनी तेंदूपत्ता तोडायचंच बंद केलं कारण त्याच्यासाठी झाडं छाटायची अन् आग लावायची, त्यापेक्षा बांबूवर पोट भरू म्हणाले. आमच्या गावात मी हे बोलली तर हसले लोक. पत्त्याचे पैसे नगदी आहेत, पावसाळ्याचं राशन त्याच्यावर असते, त्यांचं पण चुकत नाही. पण मोहाखाली आग नाही लावायची एवढं आमच्या बचत गटातल्या सात बायांनी तरी ठरवलं. बाकीच्या लावतात.

---

वावरातला_पोट्टा

सगळ्यायले लय धन्यवाद, एवढं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं.

वरुडवाल्या भाऊनं सांगितलं तसं खरवडून पाह्यलं. तीन बाजूनं हिरवं निंगालं, पश्चिमेकडं वीतभर रुंद पट्टा मेला. मोरचूद कृषी केंद्रातून आणलं, विळा बुडवला तं खरंच लाल झाला, चुना वाढवला. माय रोज सांच्याले एक गुंड घेऊन जाते, आठवड्यातून एकदा म्हटलं तरी ऐकत नाई.

शेजाऱ्याकडं गेलो होतो. वाटलं भांडन पण तो म्हणे माह्याकडून दोन वर्षाआधी तुयी तुरीची गंजी जळाली होती तवा तुया बाप काही बोलला नव्हता. मले हे माहीतच नव्हतं. हिवराच्या बुंध्याले बी पेस्ट लावून दिली.

औंदा तं जे झालं ते झालं. पुढच्या वर्षी फरदड घेणार नाई असं घरी बोललो तं बुढा म्हणे तेच चार-पाच क्विंटल तुया मोबाईलचा हप्ता भरते. त्यावर अजून बोलणं चालू आहे. काठेवाडीवाल्याचा नंबर मिळाला. श्रेडरसाठी धुऱ्याले धुरा लागून असलेले चौघं तयार झाले, मिळून सतरा एकर होते. दारव्हा-दिग्रस-नेर भागात कोणाकडं मशीन असन तं कळवा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं बुकिंग आतापासूनच करून ठेवतो. अन् टोपली ताई, तुमची साडीची आयडिया मायले वाचून दाखवली, ते म्हणे ही बाई खरं बोलते.

---

डवरा_आणि_देव

माहा साडभाऊ दिग्रसले रायते, त्याच्याकडं रोटाव्हेटर अन् श्रेडर दोन्ही आहे, सतरा एकर म्हटलं तं येईन तो. नंबर मेसेज करतो. भाड्याचं तूच बोल त्याच्याशी, माहं नाव सांगू नको नाईतं मले बी माह्या वावरात फिरवा लागन.

बाकी रानडुकराचं उत्तर अजून कोणी नाई दिलं.